आरेखकाची विद्या

घर बांधावयास निघालेला गृहस्थ गवंड्याची चौकशी करतो, इंजिनिअरचें नांव विचारतो, सिमेंट कोणतें घ्यावें याविषयीं चार ठिकाणीं सल्ला घेतो. परंतु ज्याच्या कागदावरून गवंडी भिंत उचलतो त्या माणसाचें नांव विचारावें, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. यंत्रशाळेंतहि हाच प्रकार आढळतो. यंत्र चालविणारा दिसतो, यंत्र विकणारा दिसतो. त्या यंत्राचा प्रत्येक भाग किती लांब, किती जाड, कोठें भोंक, कोठें खांच, हें ज्यानें कागदावर नीट मांडून दिलें तो मात्र पडद्याआड राहतो. या माणसास इंग्रजी अमदानीपासून ड्राफ्ट्समन म्हणत आले. मराठींत त्याला आरेखक असें नांव आहे, आणि सरकारी कचेऱ्यांत त्याच्या खालच्या पायरीवर काम करणारास अनुरेखक म्हणतात.

या धंद्याचें शिक्षण म्हणजे नेमकें काय, तें कोठें व कसें मिळतें, आणि संगणकानें रेघा ओढण्याचें काम उचलल्यावर त्या शिक्षणास कांहीं किंमत उरली आहे काय, हे प्रश्न आज अनेक सुशिक्षित घरांत निघतात. मूल दहावी उत्तीर्ण झालें, गणित बरें आहे, हात वळणदार आहे, पण पुढें काय, असा विचार आईबापांस पडतो. त्या विचारास कांहीं दिशा मिळावी, एवढाच या भाषणाचा हेतु. त्यासाठीं उदाहरण म्हणून बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाई हें गांव समोर ठेवलें आहे. कारण मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्या मुलाच्या अडचणी आणि त्याच्यापुढील संधि या दोन्ही गोष्टी तेथें स्पष्ट दिसतात.

बालाघाटच्या डोंगरांत वसलेलें हें गांव आद्यकवि मुकुंदराजांच्या समाधीमुळें व योगेश्वरीच्या देवळामुळें महाराष्ट्रास परिचित आहे. आराखड्याच्या विद्येशीं त्याचा संबंध मात्र फारसा कोणी जोडीत नाहीं. गांवालगत हत्तीखाना या नांवानें ओळखलें जाणारें एक शिवलेणें आहे. खडकांत खोदलेला चौक, खांबांचा मंडप, नंदीचा मंडप आणि दगडांतच कोरलेले हत्ती, असा त्याचा विस्तार आहे. भिंत बांधणाऱ्याची चूक झाली तर चार थर उतरून पुन्हां रचतां येतात. लेणें कोरणाऱ्यास ती सवलत नसते. छिन्नीनें एकदां काढलेला दगड परत बसवितां येत नाहीं. म्हणून खांब कोठें राखावयाचा आणि पोकळी कोठें करावयाची, याचा आराखडा पहिला घाव घालण्यापूर्वींच त्या कारागिरांच्या मनांत पुरा झालेला असला पाहिजे. दुसरें उदाहरण दासोपंतांच्या पासोडीचें. सोळाव्या शतकांत जन्मलेल्या या संतकवीनें पंचीकरणासारखा सूक्ष्म विषय लांबलचक कापडावर लिहून काढला आणि शब्दांच्या जोडीस आकृत्याहि घातल्या. शब्द जेथें अपुरे पडतात तेथें आकृतीनें बोलावें, ही जाणीव या गांवीं अशी जुनी आहे.

आधुनिक शिक्षण मात्र येथें फार उशिरां पोंचलें. पुण्यास इंजिनिअरिंगचा वर्ग १८५४ सालीं निघाला. मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ सालीं स्थापन झाली. अंबाजोगाई त्या वेळीं निजामाच्या मुलुखांत असून मोमिनाबाद या नांवानें ओळखली जाई. पुढें येथें योगेश्वरी विद्यालयानें शालेय शिक्षणाची सोय केली, स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासारख्या पुरुषानें तेथें अध्यापन केलें. परंतु संस्थानांतच राहून इंजिनिअरिंग शिकावयाचें तर हैदराबाद गांठावें लागे. तेथील उस्मानिया विद्यापीठ १९१८ सालीं सुरू झालें व त्याचें इंजिनिअरिंग कॉलेज १९२९ सालीं निघालें. पण शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें. १९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें. १९६० सालीं औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालें. आणि १९८३ सालीं महाराष्ट्र सरकारनें विनाअनुदान कॉलेजांस वाट मोकळी केल्यावर अंबाजोगाईसारख्या तालुक्याच्या गांवींहि असें कॉलेज उभें राहिलें. आज शासकीय तंत्रनिकेतनहि गांवांत आहे. पुण्याच्या मुलास जें पणज्याच्या काळापासून दाराशीं होतें, तें अंबाजोगाईच्या मुलास आतां कोठें दाराशीं आलें आहे. म्हणूनच तें काय आहे हें नीट ओळखून घेण्याची गरज येथें अधिक आहे.

प्रथम वाटांचा विचार करावा. पहिली वाट औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची. भारत सरकारनें कारागीर प्रशिक्षणाची योजना १९५० सालीं सुरू केली, आणि तीत आरेखक स्थापत्य व आरेखक यांत्रिकी असे दोन निरनिराळे व्यवसाय शिकविले जातात. गणित व विज्ञान हे विषय घेऊन दहावी उत्तीर्ण झालेल्यास त्यांत प्रवेश मिळतो. मुदत दोन वर्षांची असते. घरें, पूल, कालवे यांकडे ओढा असणारानें स्थापत्य घ्यावें, यंत्रांकडे असणारानें यांत्रिकी. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याप्रमाणें कारखान्यांत अथवा कचेरींत विद्यावेतनावर उमेदवारी करतां येते. दुसरी वाट तंत्रनिकेतनाची. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका. तिच्यांत आरेखनाच्या जोडीस पदार्थांचें बल, सर्वेक्षण, यंत्रांची रचना इत्यादि विषय येतात, आणि पदविका घेतलेल्यास पदवीच्या दुसऱ्या वर्षांत थेट प्रवेश मिळण्याची सोय आहे. तिसरी वाट बारावीनंतर सरळ पदवीची. पहिल्या वाटेनें गेलेला मुलगा लौकर मिळवता होतो. दुसऱ्या वाटेनें गेलेला संकल्पनाच्या, म्हणजे ज्याला डिझाइन म्हणतात त्या कामाच्या, अधिक जवळ जातो. परंतु कोणतीहि वाट धरली तरी मूळ विद्या एकच आहे, आणि तिची तयारी शाळेंतच सुरू होऊं शकते. सरकारच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षांस पुष्कळ मुलें बसतात. पण त्यांतील कर्तव्य भूमिति, घनभूमिति आणि अक्षरलेखन हे भाग पालकांस रुक्ष वाटतात व निसर्गदृश्यें तेवढीं आवडतात. आरेखक होऊं पाहणाऱ्यास तो रुक्ष वाटणारा भागच पुढें अन्न घालतो.

आतां त्या मूळ विद्येकडे वळावें. चित्रकार वस्तु डोळ्यांस जशी दिसते तशी काढतो. दूरचा खांब लहान, जवळचा मोठा. आरेखकास तसें करून चालत नाहीं. त्याच्या कागदावरून कोणी तरी माप घेऊन वस्तु घडविणार असतो. म्हणून तो एकाच वस्तूचे समोरचा, वरचा व बाजूचा असे वेगवेगळे देखावे काढतो आणि प्रत्येक देखाव्यांत माप खरें राखतो. या पद्धतीस शास्त्राचें रूप फ्रान्समधील गास्पार मोंज या गणितज्ञानें अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत दिलें. किल्ल्यांच्या बांधकामास ती इतकी उपयोगी ठरली, कीं कित्येक वर्षें लष्करी गुपित म्हणून ती बाहेर जाऊं दिली नव्हती. १७९५ सालीं मोंजनें तीवर उघड व्याख्यानें दिलीं, तेव्हां ती सर्वांची झाली. आज पहिल्या वर्षाचा विद्यार्थी जे प्रक्षेप काढून कंटाळतो, तें एके काळीं राज्याचें गुपित होतें.

या विद्येची खरी अडचण हातांत नसून डोळ्यामागें आहे. तीन सपाट देखावे पाहून मनांत एक घन वस्तु उभी करावयाची, आणि घन वस्तु पाहून तिचे तीन देखावे वेगळे करावयाचे, ही शक्ति पाठांतरानें येत नाहीं. ती सरावानें येते. घरांतील तांब्या घ्यावा. समोरून त्याची मान, पोट व बूड दिसतें. वरून पाहिलें तर नुसतीं एकांत एक वर्तुळें. पत्रा किती जाड आहे, हें दोन्ही देखाव्यांत कळत नाहीं. त्यासाठीं तांब्या मधोमध करवतीनें चिरला आहे अशी कल्पना करून जो देखावा काढतात, त्यास छेद म्हणतात. न चिरतां चिरलेलें पाहणें, हा आरेखकाचा नित्याचा व्यवहार. कागदावर दिसणारी कड जाड अखंड रेघेनें, झांकलेली कड तुटक रेघेनें व मध्यरेषा लांब-आंखूड तुकड्यांच्या रेघेनें काढावयाची असा संकेत आहे. अशा संकेतांस भारतीय मानक संस्थेनें नियमांचें रूप दिलें असून, त्यामुळेंच अंबाजोगाईस काढलेला कागद चाकणच्या कारखान्यांत विनातक्रार वाचला जातो.

दुसरा प्रकार उलगड्याचा. पत्र्याचें काम करणारा कारागीर नरसाळें करतो, तेव्हां पत्रा कसा कापावा हें त्याला वडिलांच्या हाताखालीं शिकून माहीत असतें. आरेखक तेंच भूमितीनें काढतो. ज्या शंकूच्या तोंडाची त्रिज्या १० सेंटिमीटर व तिरपी उंची २० सेंटिमीटर आहे, तो उलगडला तर बरोबर २० सेंटिमीटर त्रिज्येचें अर्धवर्तुळ मिळतें. कोणत्याहि घरीं वर्तमानपत्राच्या कागदावर हा प्रयोग करून पाहतां येईल. चोळी बेतणारी गृहिणी सपाट कापडांतून गोलाईचा आकार काढते, तीहि हीच विद्या. फरक इतकाच, कीं आरेखकास प्रत्येक आकार पहिल्या खेपेस मापांत सांगतां आला पाहिजे.

तिसरी गोष्ट मापाच्या मर्यादेची, आणि यंत्रांच्या आरेखनांत तीच सर्वांत महत्त्वाची आहे. बैलगाडीच्या आंसावर चाकाचा तुंबा थोडा सैल बसला तरी गाडी कुरकुरत कां होईना, बाजारास पोंचते. यंत्रांत तसें चालत नाहीं. २५ मिलिमीटरचा दांडा २५ मिलिमीटरच्या भोंकांत फिरावा, असें नुसतें लिहिलें तर तें अपुरें आहे. कारण बरोबर २५ मिलिमीटर असें माप कोणत्याहि यंत्रास साधत नाहीं. म्हणून कागदावर मर्यादा लिहितात. एका प्रचलित मेळाप्रमाणें भोंक २५.००० पासून २५.०२१ पर्यंत चालेल, व दांडा २४.९८० पासून २४.९९३ पर्यंत. म्हणजे दोहोंमधील फट कमींत कमी सात हजारांश व जास्तींत जास्त एकेचाळीस हजारांश मिलिमीटर राहील. ही फट कमी झाली तर दांडा अडकतो, जास्त झाली तर खडखडतो. आणि विनाकारण बारीक मर्यादा घातली तर वस्तु उगीच महाग पडते. कोणती मर्यादा कोठें घालावी हें ज्याला उमगलें, तो नकल करणाऱ्यांच्या पंक्तींतून उठून संकल्पन करणाऱ्यांच्या पंक्तींत जाऊन बसतो.

असें एक मोठें उदाहरण महाराष्ट्रास परिचित आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे तरुणपणीं मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें चित्रकला शिकावयास गेले. कांहीं रंगांतील भेद आपल्या डोळ्यांस ओळखूं येत नाहीं असें त्यांच्या ध्यानांत आलें, आणि चित्रकाराचा मार्ग खुंटला. दुसरा एखादा गांवीं परतला असता. लक्ष्मणरावांनीं रंगांची गरज नसलेलें यांत्रिक रेखाटन हातीं धरलें, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें तोच विषय शिकविण्याची सहाय्यक शिक्षकाची जागा मिळविली, आणि पुढें ती सोडून बेळगांवीं आपला उद्योग मांडला. सायकलींची विक्री, मग कडबा कापण्याचें यंत्र, मग विसाव्या शतकाच्या आरंभीं लोखंडी नांगर, आणि १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी, असा तो क्रम आहे. लोखंडानें जमीन नासते अशा समजुतीमुळें शेतकरी प्रथम नांगर घेईनात, ही हकीकत सर्वश्रुत आहे. नांगराचें जें वळलेलें पातें माती उचलून पालथी घालतें, तें एका देखाव्यांत कागदावर उतरत नाहीं. ठराविक अंतरावर छेद घेऊनच त्याचा वांक सांगावा लागतो. अशा वस्तूचा विचार करण्यास रेखाटन मुरलेली बुद्धि किती उपयोगी पडत असेल, हें सांगावयास नको. त्यांच्यापाशीं इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. रेषेंतून वस्तु पाहण्याची संवय होती.

परंतु या विद्येचें मोल उत्कर्षाच्या गोष्टींवरून जितकें कळतें, त्याहून अधिक तिच्या अभावीं काय घडतें यावरून कळतें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला आणि लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसें मृत्यु पावलीं. हे जिल्हे बीडचे शेजारी. घरांची पद्धतहि तीच. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचें जड माळवद. भिंत दिसावयास भक्कम, पण आंतला थर वेगळा, बाहेरचा थर वेगळा, मध्यें दगडगोट्यांची भर. दोन्ही थर एकमेकांस बांधणारा आरपार दगड घातलेला नसल्यामुळें धक्क्यासरशीं भिंती फुगल्या व ढांसळल्या. कित्येक घरांत लाकडी खण उभे राहिले आणि भिंती तेवढ्या पडल्या. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय मानकांत अशा भिंतींविषयीं सांगितलें आहे, कीं जाडी ४५० मिलिमीटरहून अधिक नसावी, दर ६०० मिलिमीटर उंचीस आरपार दगड घालावे व दोन दगडांत आडवें अंतर १.२ मीटरहून जास्त नसावें. शिवाय दारांखिडक्यांच्या माथ्यावरून घराभोंवतीं अखंड पट्टा फिरवावा. या सूचना फार खर्चाच्या नाहींत. आराखड्यांत चार छेद व दोन टिपा लिहिल्या, कीं त्या गवंड्यापर्यंत पोंचतात. मात्र घर आराखड्यावांचून, नुसत्या तोंडी सांगण्यावर उभें राहिलें, तर त्या पोंचावयाच्या कशा?

आराखडा असला तरी तो समजून काढला नाहीं तर काय होतें, याचें उदाहरण अमेरिकेंतील आहे. कॅन्सस सिटी येथील एका मोठ्या हॉटेलांत दिवाणखान्यावरून जाणारे पूल लोखंडी गजांनीं छतास टांगलेले होते. चौथ्या मजल्याच्या पातळीवर एक व त्याच्या बरोबर खालीं दुसऱ्या मजल्याच्या पातळीवर एक. मूळ कल्पनेंत एकच लांब गज दोन्ही पुलांतून जात होता. करावयास अवघड म्हणून कारखान्याच्या आराखड्यांत एका गजाचे दोन केले. वरचा पूल छतास टांगला आणि खालचा पूल वरच्या पुलास टांगला. कागदावर हा फरक क्षुल्लक दिसतो. पण विहिरींत सोडलेल्या दोराची कल्पना करावी. दोन माणसें एकाच दोरास वेगवेगळ्या जागीं धरून लोंबकळलीं, तर प्रत्येकाच्या मुठीवर स्वतःचाच भार पडतो. खालच्यानें दोर सोडून वरच्याचे पाय धरले, तर वरच्याच्या मुठीवर दोघांचा भार येतो. वरच्या पुलाच्या सांध्यावर असाच दुप्पट भार आला. मूळ रचनाहि नियमाच्या मानानें कमजोर होती. त्यांत ही भर पडली. बदललेला कागद तपासणाऱ्यांनीं पुन्हां हिशेब न करतांच मान्य केला, आणि १७ जुलै १९८१ रोजीं ते पूल कोसळून ११४ माणसें मरण पावलीं. जबाबदार इंजिनिअरांचे परवाने पुढें रद्द झाले. रेघ चुकीची ओढली गेली नव्हती. रेघेचा अर्थ कोणी विचारला नव्हता.

येथें संगणकाचा प्रश्न येतो. एके काळीं कचेरींत आरेखकानें पेन्सिलीनें काढलेला मूळ कागद खालीं ठेवून अनुरेखक पारदर्शक कापडावर अथवा कागदावर शाईनें त्याची नकल करी, आणि त्या नकलेवरून निळे किंवा अमोनियाचे छाप निघत. अक्षर सुबक, रेघ एकसारखी, डाग नाहीं, एवढ्या गुणांवर अनेकांचे संसार त्या नोकरींत सुखानें चालले. १९६३ सालीं अमेरिकेंत आयव्हन सदरलंड यांनीं स्केचपॅड नांवाची रचना करून पडद्यावर रेषा काढून दाखविली. १९८२ सालीं ऑटोकॅड बाजारांत आलें. आणि पाहतां पाहतां टी-स्क्वेअर व शाईची कलम कचेऱ्यांतून उठलीं. आतां तर घन वस्तूचें प्रतिरूप पडद्यावर तयार केलें, कीं तिन्ही देखावे व छेद संगणक आपोआप देतो. नकल करणाऱ्याचें काम यंत्रानें पुरतें गिळलें, हें मान्य केलेंच पाहिजे.

तथापि यावरून जो निष्कर्ष अनेक पालक काढतात, तो बरोबर नाहीं. त्यांस वाटतें, कीं आतां विद्या संगणकांतच आहे. तेव्हां दोनतीन महिन्यांचा वर्ग लावून आज्ञा पाठ केल्या, कीं मुलगा आरेखक झाला. पण त्या वर्गांत शिकविला जातो तो नकल करण्याचाच नवा प्रकार, आणि जुनी नकल गेली त्याच वाटेनें नवीहि जाणार. संगणकास रेघ सरळ ओढतां येते. भिंतींत आरपार दगड हवा हें तो आपण होऊन सांगत नाहीं. तो छेद काढून देतो. पण कोठें छेद घेतला असतां कारागिराचा संशय फिटेल, हें ठरविणारा माणूसच असतो. २५ मिलिमीटर ही संख्या तो कागदावर मांडतो. तीस कोणती मर्यादा जोडावी हें दांडा कोठें फिरणार आहे, हें जाणणाऱ्यानेंच सांगावें लागतें. इतकेंच नव्हे, पूर्वीं आरेखकाची चूक अनुरेखकाच्या हाताखालून जातांना कधीं कधीं सांपडे. आतां मधला तो माणूस नाहीं. चूक पडद्यावरून सरळ यंत्राच्या पात्यापर्यंत जाते. म्हणजे संगणकानें श्रम कमी केले, पण समजून घेण्याचें ओझें आरेखकावर अधिक टाकलें.

यासाठीं शिक्षणाचा क्रम सांभाळावा. आरंभीं कांहीं महिने तरी पाटी, टी-स्क्वेअर, ४५ अंशांचा व ३०-६० अंशांचा गुण्या, कंपास आणि २एच व एचबी पेन्सिली यांवर काम व्हावें. हातानें एक रेघ ओढण्यास वेळ लागतो, म्हणून ती कां ओढावयाची याचा विचार होतो. त्याबरोबर यंत्रशाळेंत जावें; ज्यानें कधीं कानस धरली नाहीं किंवा साचा भरतांना पाहिला नाहीं, तो कागदावर असा कोपरा काढतो कीं तेथें कोणतेंहि हत्यार पोंचत नाहीं. स्थापत्याच्या विद्यार्थ्यानें चालू बांधकामावर जाऊन गवंड्यास प्रश्न विचारावे, आणि आपल्याच घराचें मोजमाप घेऊन त्याचा आराखडा काढावा. संगणक या पायावर यावा. परीक्षा सोपी आहे: मुलापुढें एखादी वस्तु ठेवावी, संगणक दूर ठेवावा, आणि साध्या कागदावर तिचे तीन देखावे व एक छेद मापांसह काढावयास सांगावें. तें जमलें तर पडद्यावरील आज्ञा थोड्याच दिवसांत येतात. तें न जमलें तर कितीहि आज्ञा पाठ असल्या तरी व्यर्थ.

अंबाजोगाईच्या भागांत या क्रमास एक वेगळें महत्त्व आहे. बीड जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबें दरवर्षीं पावसाळा सरल्यावर ऊसतोडीसाठीं घर सोडतात, आणि त्यांच्या मुलांची शाळा मध्येंच तुटते. अशा घरांतून दहावीपर्यंत पोंचलेल्या मुलास लौकर मिळवतें होणें भाग असतें. दोन वर्षांचें आरेखकाचें प्रशिक्षण व पुढें विद्यावेतनावरील उमेदवारी ही त्याच्या आवांक्यांतली वाट आहे. पण याच घाईच्या घरांस झटपट वर्गांची जाहिरात अधिक भुलविते, आणि कर्ज काढून भरलेल्या फीच्या बदल्यांत मुलाच्या हातीं एक प्रमाणपत्र व नकल करण्याची नोकरी एवढेंच येतें. सुशिक्षित कुटुंबांनीं या बाबतींत आपल्या परिचयांतील अशा मुलांस चार शब्द सांगितले, तर एका घराची दोन वर्षें व पैसा वांचेल. मुलींच्या बाबतींतहि हेंच सांगावयाचें. आरेखनास अंगबळ लागत नाहीं. अचूकपणा, चिकाटी व घन आकार मनांत धरण्याची शक्ति लागते, आणि रांगोळीचे ठिपके मोजून समतोल साधणाऱ्या मुलींस तिचा श्रीगणेशा घरींच झालेला असतो. भाषेचीहि भीति बाळगूं नये. संज्ञा इंग्रजी असल्या तरी त्यांची संख्या मोजकी आहे, आणि आकृति कोणत्याहि भाषेची मिंधी नाहीं. मराठी शाळेंत भूमिति नीट शिकलेला विद्यार्थी या विषयांत कोणाच्याहि मागें पडण्याचें कारण नाहीं.

प्रत्येक आराखड्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यांत एक लहानशी चौकट असते. तींत कामाचें नांव, प्रमाण व तारीख यांबरोबर काढणार कोण, तपासणार कोण व मंजूर करणार कोण, यांच्या सह्या असतात. घराच्या वास्तुशांतीस त्या चौकटींतील पहिल्या सहीची आठवण कोणी काढीत नाहीं, हें खरें. पण भिंत उभी राहिली किंवा पडली तर तिच्या मागें ती सही असतेच. ही जबाबदारी ओळखून जो शिकेल त्याला काम मिळेल, आणि यंत्रें कितीहि बदललीं तरी तें काम त्याच्या हातून सहजासहजीं जाणार नाहीं. ज्या घरांत असें मूल असेल, त्या घरानें प्रथम एक पाटी, एक टी-स्क्वेअर व दोन चांगल्या पेन्सिली आणून द्याव्या; संगणक मागाहून येईल.